एका खापरीला एक बाहुली

माझ्यावर कुणी नियम लादलेला मला खपत नाही. म्हणून नियम करायची वेळ आली तेव्हा ते माझे मीच केले, आणि मोडले तेही मीच. त्याबद्दल आमच्या ह्यांना, वार्दोयोंना, कुणी बोल लावू नये. ते बिचारे निवृत्त झाल्यापासून अंगणात आपल्या घुमणाऱ्या होल्यांचे पिंजरे उंच काठीवर चढवतात आणि उतरवतात, बस्स.

सगळं सुरू झालं निंग्रुमच्या खोलीवरून. निंग्रुम माझी एकुलती एक लेक. लग्न करून सेमारांगला गेली, आणि पाचवा महिना लागला तशी दोन दिवस राहायला सोलोला माझ्याकडे आली. बॅग घेऊन थेट आपल्या जुन्या खोलीत शिरली आणि तिथूनच ओरडली, "इबू! हे काय आहे?"

"काय म्हणजे? बाहुल्या."

"ते दिसतंय मला! माझा पलंग कुठंय?"

पलंग होता की. खालीच होता. वरती बाहुल्या बसल्या होत्या एवढंच. पलंगावर बसल्या होत्या, खिडकीत बसल्या होत्या, टेबलावर तर पाय सोडून बसल्या होत्या. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, कारण डोळे काचेचे, कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. मला ते फार आवडतं. निंग्रुमला नाही आवडलं.

आता ह्या बाहुल्या काही दुकानातल्या चकचकीत खोक्यातल्या नव्हेत. रविवारच्या जुन्या बाजारात जपानहून आलेल्या वापरलेल्या सामानाचे गठ्ठे फुटतात, त्यात त्या निघतात. गुडघ्याला, कोपराला, मनगटाला गोल सांधे आणि आतून ताणलेलं रबर. येतात तेव्हा उघड्यावाघड्या, केस झडलेले, एखादीची मान लुळी. मी त्यांना घरी आणते, न्हाऊ घालते, रबर बदलते, नवे केस लावते. माझा धंदा नवरीच्या कबाया, म्हणजे लांब बाह्यांच्या लेसच्या चोळ्या, शिवायचा, त्यामुळे मखमल आणि लेस घरात पडलेलीच असते. अंगभर कबाया, कमरेला बाटिकचं लुगडं, केसांचा अंबाडा, असं सजवून बसवलं की तीच मुलगी ओळखू येत नाही. निंग्रुम सासरी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा पहिली आणली. मग दुसरी. मग कोण मोजत बसलंय?

"इबू, बाळाला मी झोपवू कुठं?" निंग्रुम दारातच उभी होती. "कपाटावर?"

"अगं, तोवर आवरू की!"

"मागच्या वेळीही असंच म्हणालीस. तेव्हा निदान उशीला तरी जागा होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बागसची आई केव्हाची म्हणतेय, बाळंतपण आमच्याकडेच करू. मला वाटतं मी तिकडेच राहीन."

पहिलं नातवंड, आणि ते विहिणीच्या घरी जन्माला येणार? पहिलं रडणं ती ऐकणार, पहिली अंघोळ ती घालणार, आणि मी सेमारांगला जाऊन पाहुण्यासारखी चहा पीत बसणार? माझी विहीण, सुप्राप्ती, एका शाळेची मुख्याध्यापिका होती. फार गोड बोलते. इतकं गोड की ऐकणाऱ्याला नंतर घरी गेल्यावर कळतं, आपल्याला काय टोचलं ते.

जेवायला बसल्यावर मी जाहीर केलं. "ऐका दोघंही. आजपासून निंग्रुमच्या खोलीत एकही बाहुली राहणार नाही. माझ्या शिवणाच्या खोलीतलं काचेचं कपाट, तेवढीच त्यांची जागा. नवी आली की जुनी गेली पाहिजे. आणि बघितल्याबरोबर घ्यायची नाही. मध्ये एक झोप काढायची आणि मग ठरवायचं."

"आणि तू पाळतेस की नाही हे बघणार कोण?" निंग्रुमने विचारलं.

"मीच."

वार्दोयोंना ठसका लागला. मी पाणी दिलं, पण त्यांच्याकडे जरा रोखूनच बघितलं.

"सातव्या महिन्याच्या सोहळ्यापर्यंत बघते," निंग्रुम म्हणाली. "त्या दिवशी सांगेन कुठं राहायचं ते."

सातव्या महिन्यात लेकीला फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालायचं ते माहेरच्या अंगणात. म्हणजे त्या दिवशी विहीण माझ्या घरी येणार आणि सगळं डोळ्यांनी बघणार. मी कामाला लागले.

खोली रिकामी केली. काचेचं कपाट भरलं. तरी निम्म्याच्या वर उरल्या. आता नियम असा होता की जुनी गेली पाहिजे. कुठे गेली पाहिजे, ह्यावर नियम गप्प होता. मी एकीला पदराखाली घेतलं आणि समोरच्या बू जुमियेमकडे गेले; आमच्याकडे कुणाही बाईला आदराने बू म्हणतात. म्हातारी दारातच शेगडी मांडून तांदळाचे घावन घालते आणि अख्ख्या गल्लीची खबर ठेवते.

"बू जुमियेम, हिला जरा तुमच्याकडे ठेवाल? थोडेच दिवस."

आमच्या गल्लीत सांभाळायला दिलेली वस्तू नाकारायची पद्धत नाही. मी स्वतः एकदा पलीकडच्यांचा बोकड अख्खा पावसाळा सांभाळलाय, आणि त्याने माझी एक सबंध कबाया खाल्ली तरी चकार शब्द काढला नाही. जुमियेमने हात पुसले, बाहुली घेतली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "काही खात-बित नाही ना?"

"नाही."

"मग राहू दे. आमच्या घरातल्यापेक्षा बरीच म्हणायची."

तशाच मी बाकीच्याही वाटल्या. कुणाच्या टीव्हीवर, कुणाच्या तांदळाच्या डब्यावर. संध्याकाळपर्यंत माझं घर इतकं नेटकं दिसायला लागलं की मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मी बाजारात गेले ती फक्त रबर आणायला. खरंच फक्त रबर आणायला. पण गठ्ठा नुकताच फुटला होता आणि वरती एक हिरव्या डोळ्यांची पडली होती. एक पाय नव्हता, नाकाचं टोक घासलेलं. असल्या पोरीला तिथे टाकून कुणाचा पाय निघेल? पण नियम म्हणजे नियम. एक झोप काढायचीच. मी बाहेर आले, एका सायकलरिक्षात बसले, पडदा खाली ओढला.

"कुठं जायचं, बू?" रिक्षावाल्याने विचारलं.

"कुठंही नाही. जरा डोळा लागेपर्यंत हलू नका."

तो उतरून सावलीत जाऊन बसला. सोलोत माणसं सभ्य आहेत. मी छान डुलकी काढली, उठले, आत जाऊन बाहुली घेतली आणि घरी आले. मग नियमाप्रमाणे कपाटातली एक जुनी काढून शेजारी दिली.

"बू," वार्दोयो पिंजरा पुसता पुसता म्हणाले, "तुझ्या नियमांना दारं बरीच आहेत गं."

"तुमच्या पिंजऱ्यालाही आहे की. होले उडून गेले का?"

"त्यांना बाजारात कोण नेतं?"

त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नसतो.

मग आली भिशी. आमची बाहुल्यांवाल्या बायकांची भिशी आहे, जेंग पालुपीने सुरू केलेली; बरोबरीच्या बाईला आम्ही जेंग म्हणतो. पैसे जमतात, त्यातून पालुपी एक बरीशी बाहुली आणते, आणि चिठ्ठीत जिचं नाव निघेल तिला मिळते. पालुपी म्हणजे उत्साहाचा धबधबा. फोन उचलला की 'कशी आहेस' वगैरे नाही, थेट, "जेंग! काय आलंय माहितीये का!" त्या महिन्यात नेमकं माझं नाव निघालं. आता लागलेली भिशी म्हणजे काही विकत घेतलेली वस्तू नाही. ती घरात आली. तिच्या बदल्यात एक शेजारी गेली. माझा हिशोब चोख होता.

हे सगळं मी निंग्रुमला फोनवर सांगायचे. खोली कशी मोकळी आहे, कपाटाबाहेर एकसुद्धा नाही, हिरव्या डोळ्यांचीला पाय कसा बसवला. ती "हं, हं" करायची. मी म्हणायचे, बघ, आहे की नाही तुझी आई शब्दाची पक्की?

एकदा विहिणीचाही फोन आला. "जेंग हार्यांती, ऐकलं की बाहुल्यांनी खोली रिकामी करून दिली. मोठ्या मनाच्या हो तुमच्या बाहुल्या."

"माझ्याच आहेत ना," मी म्हटलं.

"नाही, मला आपली काळजी. तान्ह्या पोराला असे टक लावून बघणारे डोळे... रात्री दचकायचं."

"विहीणबाई, तुमच्याही घरी शाळेतल्या सगळ्या जुन्या मुख्याध्यापकांचे फोटो लावलेत भिंतीवर. पोराने दचकायचंच ठरवलं तर त्याला तिकडेही सोय आहे."

ती हसली. गोड हसली. मी फोन ठेवला आणि अर्धा तास भांडी आपटली.

शेवटी सोहळ्याचा दिवस उजाडला. अंगणात नारळाच्या कोवळ्या झावळ्या बांधल्या, फुलांच्या पाण्याचं घंगाळ भरलं. वार्दोयोंनी सकाळी बसून जुनी कौलं फोडली आणि खापऱ्यांचा ढीग केला, कारण ह्या दिवशी होणारी आई फळांचा तिखट रुजाक विकायला बसते आणि पाहुण्यांनी पैशाऐवजी खापऱ्या देऊन तो विकत घ्यायचा असतो. सेमारांगहून मोटार आली. निंग्रुम उतरली, जावई बागस उतरला, आणि मागून विहीण, परीटघडीच्या कबायेत.

विहिणीने आधी खोली बघायला मागितली. मी दार सताड उघडलं. स्वच्छ चादर, रिकामी खिडकी, कोपऱ्यात पाळणा. तिने पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं.

"छान केलंत हो," ती म्हणाली. आणि तिच्या तोंडून ते निघताना तिला जड गेलं, हे बघून मी मनातल्या मनात नाचले.

तेवढ्यात फाटकातून हाक आली. "बू हार्यांती! आणलं हो तुमचं माणूस!"

बू जुमियेम. अंगावर ठेवणीतली कबाया, आणि खांद्यावरून बांधलेल्या झोळीत, तान्हं मूल घेतात तशी, माझी बाहुली. वेणी घातलेली, कपाळावर पावडर.

"हे काय? आज कशाला आणलीत?" मी दातओठ खात कुजबुजले.

"कशाला म्हणजे? घरात बाळंतपण, आणि तुमची वस्तू आमच्याकडे अडकलेली? माझी आजी सांगायची, अशा घरची ठेव अडकवून ठेवू नये, लेकरू बाहेर यायला अडतं. मी सगळ्यांना बजावलंय. आज परत म्हणजे परत!"

आणि मग आल्या की सगळ्या. गल्लीतल्या बायका एकामागून एक फाटकातून आत येत होत्या आणि प्रत्येकीच्या काखेत माझी एकेक बाहुली. कुणी फडक्यात, कुणी टोपलीत. एकीने तर बाहुलीला आपल्या नातीचं टोपडं घातलं होतं. "बाळंतपण सुखरूप होऊ दे हो," म्हणत त्या ओट्यावर बाहुल्या ठेवत होत्या, आणि ओटा भरत चालला होता. एवढ्या आहेत हे खरं तर मलाही माहीत नव्हतं.

विहीण माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. "जेंग," ती अगदी हळू म्हणाली, "ह्यासुद्धा मोठ्या मनाच्या. परत आल्या."

निंग्रुमने माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं आणि पाटावर जाऊन बसली.

न्हाणं सुरू झालं. मी लेकीच्या डोक्यावर फुलांचं पाणी ओतत होते आणि माझे डोळे ओट्यावर. ऊन तिकडे सरकतंय, रबर ढिलं पडेल, हिरव्या डोळ्यांची तर कपाटात होती, तिला कुणी आणून अगदी कडेला ठेवलंय. मग एकावर एक लुगडी बदलून झाली, प्रत्येक लुगड्याला बायकांनी रिवाजाप्रमाणे "नाही शोभत! नाही शोभत!" असा गलका केला, आणि शेवटच्याला "शोभतं!" म्हणून टाळ्या पिटल्या. मला कशातच लक्ष लागेना. गेलं माझं नातवंड सेमारांगला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

निंग्रुम रुजाक विकायला बसली. बागस तिच्यावर छत्री धरून उभा राहिला. पहिली गिऱ्हाईक विहीणच. तिने खापरी टाकली, द्रोण घेतला, एक घास खाल्ला आणि ओट्याकडे बघून मान हलवली. बस्स. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओट्यावर गेले, हातात मावतील तेवढ्या बाहुल्या उचलल्या आणि रुजाकच्या पातेल्याशेजारी नेऊन आदळल्या.

"एका खापरीला एक बाहुली!" मी ओरडले. "या! घ्या! कपाटातल्या सोडून सगळ्या विकायला काढल्यात!"

पाहुण्यांत आलेल्या पालुपीच्या हातातला द्रोण तसाच राहिला. "जेंग! अगं, भिशीची पण?"

"भिशीची पण!"

"इबू, काय करतेस?" निंग्रुम म्हणाली.

"नियम पाळतेय!"

सगळ्यात आधी उठली बू जुमियेम. खापऱ्यांच्या ढिगातून एक उचलली, टाकली, आणि आपल्या वेणीवालीला असं काही ओढून घेतलं की मी बघतच राहिले. "सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता माझा," ती नाक पुसत म्हणाली. "रोज घावन घालताना हिच्याशी बोलायची सवय लागलीय मेली." मग काय, झुंबडच उडाली. जिने जी सांभाळली होती तिला तीच हवी होती. दोघींची तर टोपडेवालीवरून जुंपली. रुजाक बाजूला राहिला आणि निंग्रुमच्या मडक्यात खापऱ्या खणाखण पडत राहिल्या. छत्री सांभाळता सांभाळता बागस इतका हसत होता की ऊन सगळं बायकोच्या तोंडावर.

शेवटी हिरव्या डोळ्यांची उरली. चुकून कपाटातून ओट्यावर आली होती, का मीच आणून ठेवली होती, देव जाणे. विहीण पुढे झाली. तिने बाहुलीचा हात उचलला, तो वर तसाच राहिला. तिने कोपर वाकवलं, तेही राहिलं.

"रीत आहे म्हणून घेते हं," ती म्हणाली आणि खापरी टाकली. बाहुली काखेत धरली ती परत खाली ठेवली नाही.

पाहुणे गेले. मी विजयी मुद्रेने निंग्रुमला तिच्या खोलीत नेलं. "बघ. इथे एक नाही, शेजारीही माझी अशी एक नाही. कपाटात आहेत तेवढ्याच. आता सांग, राहतेस ना?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. दमलेली दिसत होती. "इबू, आधी माझ्या चपला काढशील? निघत नाहीयेत."

मी खाली बसले. मखमली चपलेचा पट्टा पायात रुतला होता. दोन्ही पाय सुजून टम्म, घोटे कुठे आहेत ते दिसेना. ओढून काढली तर कातडीवर पट्ट्याचा लालभडक वळ.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"दोन आठवडे झाले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं."

"मला?"

"तुला. फोनवर. म्हटलं, इबू, माझे पाय फार सुजतायत, भीती वाटतेय. तू म्हणालीस, थांब, आधी माझं ऐक, हिरव्या डोळ्यांचीचा गुडघा बसला." ती हे शांतपणे सांगत होती. "मग मी बागसच्या आईला सांगितलं. त्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सगळं ठीक आहे, मीठ कमी कर आणि पाय वर ठेव म्हणाले. तेव्हापासून त्या रोज विचारतात, आज कसे आहेत पाय."

मला तोंड वर करवेना. अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकाच्या बाहुलीचं रबर ढिलं झालेलं मला कळतं. आज मी माझ्या पोरीला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं होतं, पाणी तिच्या डोक्यावरून पायांपर्यंत गेलं होतं, आणि मला दिसलं नव्हतं. लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तू सेमारांगलाच राहा," मी म्हटलं. "ती तुला विचारते. तिथेच तुझं नीट होईल. मी येईन बघायला. चहा पीन आणि परत येईन."

निंग्रुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, वर बघितलं तर अर्धी रडत होती आणि अर्धी हसत होती.

"अगं वेडे, त्या विचारतात ते मला आवडतंच. पण मला तू विचारायला हवी होतीस! नाहीतर मी एवढी चिडले कशाला असते? बाहुल्या ठेव गं, हव्या तेवढ्या ठेव. मला खोली नको होती."

मी तिचे पाय उचलून मांडीवर घेतले. पट्ट्याचा वळ हळूहळू चोळत बसले. एक नवा नियम केला मी तेव्हा, पण तो मोठ्याने बोलले नाही. मोठ्याने बोललेल्या नियमांना मी पळवाटा काढते.

संध्याकाळी मोटार निघाली तेव्हा निंग्रुम फाटकात माझ्याशेजारी उभी होती. बागस म्हणाला, दर शनिवारी येईन. विहिणीने काच खाली केली आणि मला वाटलं, आता टोचणार. पण ती म्हणाली, "जेंग, रात्री झोपताना पायाखाली दोन उशा द्या. एक पुरत नाही." मी तिचा हात धरला. मोटार हलेपर्यंत सोडला नाही. तिच्या मांडीवर हिरव्या डोळ्यांची बसली होती.

आता माझा दिवस पायांवरच जातो. सकाळी सूज किती, दुपारी किती, उशा दोन की तीन, रश्शात मीठ कुणी टाकलं. वार्दोयोंनी एकदा टाकलं होतं, त्यांना आठवडाभर ऐकवलं. पालुपीचे फोन येतात, मी उचलते, पण हल्ली तीच लवकर ठेवते.

परवा विहिणीचा फोन आला. निंग्रुम समोरच पाय वर करून बसली होती.

"जेंग हार्यांती," विहीण जरा चाचरत म्हणाली, "हिच्या मापाच्या चपला कुठे मिळतात हो? आणि केस विंचरताना गळतात, त्याला काय लावू? मी म्हटलं विचारावं. तशी एकटीच बसते बिचारी कपाटावर, तेही बरं दिसत नाही. जोडीला एखादी..."

"विहीणबाई."

"हं?"

"आधी सुनेचे पाय विचारा."

मुख्याध्यापिकाबाईंना इतक्या वर्षांत कुणी असं गप्प केलं नसेल. मग हळूच आवाज आला, "चुकलं हो माझं. कसे आहेत पाय?"

"सांगते ना," मी म्हटलं आणि नीट मांडी घालून बसले. "आज सकाळी उठली तेव्हा उजवा जरा जास्त होता, मग मी कोमट पाण्यात..."

निंग्रुमने पुढे वाकून माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"इबू," ती म्हणाली, "माझ्या पायांबद्दल मलाही जरा बोलू देशील?"